हातभर भिंत

“दादा, इथला चौकोन कुठं गेला?” चष्मेकाकांची मुलगी म्हणाली. हातातली पिशवी खाली ठेवायचंही तिला सुचलं नव्हतं.

वरच्या मजल्यावरचा चर्चचा पाळक तिच्यामागं दारात उभा होता, किल्ल्यांचा जुडगा बोटात फिरवत, शाबासकीची वाट बघत. घरभर ताज्या रंगाचा वास होता. छतावरचे ओलीचे डाग गेले होते, भिंतींना सायीचा रंग चढला होता, खिडक्यांच्या काचासुद्धा त्यानं पुसून घेतल्या होत्या. खुब्याचं हाड मोडून इतके दिवस हॉस्पिटलात पडून राहिलेला तिचा म्हातारा बाप आज दुपारी घरी येणार, दार उघडल्याबरोबर चकित होणार, हे दृश्य पाळकानं मनात इतक्यांदा बघितलं होतं की ते घडून गेल्यासारखंच झालं होतं. “कोणता चौकोन?” त्यानं विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला आठवलं. दारासमोरच्या भिंतीवर, आत पाऊल टाकलं की थेट नजरेसमोर, हातभर लांब आणि हातभर रुंद अशा जागेवर गिलावा नव्हता. आतल्या विटा उघड्या दिसायच्या. “ते होय? ते भरून घेतलं मी. गिलावा पडला होता ना तिथला.” “पडला नव्हता,” ती म्हणाली. “सोडलेला होता.” मग लहान मुलाला पत्ता समजावून सांगावा तशा आवाजात, अजिबात न रागावता, ती म्हणाली, “आमचं मंदिर पाडलं ना, त्याची आठवण. घर बांधलं की दारासमोर हातभर भिंत पुरी करायची नाही, मशीहा येऊन ते पुन्हा उभं राहीपर्यंत. आजोबांनी ठेवली होती ती.” आणि पाळकाला, ज्याला यहुद्यांचं ते मंदिर कुणी पाडलं, केव्हा पाडलं, कोणत्या बाजूनं तट फोडला हे सगळं तोंडपाठ होतं, ज्यानं रविवारच्या शाळेतल्या मुलांकडून ते वर्ष घोकून घेतलं होतं, त्याला क्षणभर वाटलं की ही कुठल्यातरी गेल्या वर्षीच्या, गल्लीतल्याच पडझडीबद्दल बोलतेय. दोन हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टीबद्दल कुणी असं बोलत नाही. घरातलं माणूस गेलं की असं बोलतात.

“मी आत्ता खरवडून काढतो,” तो म्हणाला. “नको दादा,” ती म्हणाली, “बाबांना येऊ दे. ते सांगतील तसं करू.” आणि पिशवी घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. सूर्य मावळायच्या आत तिला सगळं आवरायचं होतं, कारण त्यानंतर त्यांचा विसाव्याचा दिवस लागत होता आणि मग त्या घरात कुणी कशाला हात लावणार नव्हतं. पाळक जिना चढून वर आपल्या घरी आला. बायको इस्त्रीच्या कपड्यांच्या घड्या करत होती. त्यानं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि ‘मी सांगत होते’ असं एकदाही म्हणाली नाही, तेच त्याला जास्त लागलं. कारण ती सांगतच होती. मुळात दोष त्यांच्याच न्हाणीघरातल्या पाइपाचा. तो गळला आणि खालच्या छताला ओल आली. त्याची भरपाई म्हणून त्यानं रंगकाम काढलं. “अहो, विचारून तरी घ्या त्यांना,” बायको म्हणाली होती. “छे, त्यांना सुखाचा धक्का द्यायचाय.” “धक्के कसले देताय, आधीच पडलेत ते.” पण पाळकाच्या अंगात उपकार संचारला होता, आणि तो संचारला की त्याला काही ऐकू येत नसे. रंगाऱ्यानं त्या चौकोनाकडं बोट दाखवून “हेही भरायचं का?” विचारलं तेव्हा तो म्हणाला, “भरा की, त्यात विचारायचं काय?” इतकी वर्षं तो त्या घरात जात होता, त्या चौकोनासमोर बसून चहा पीत होता, आणि मनातल्या मनात त्याला तो म्हाताऱ्याचा चिकटपणा वाटत होता. बायकोपाशी तो एकदा म्हणालाही होता, “चष्म्यांत एवढं कमावलं, पण हातभर गिलावा करवत नाही.” आता ते वाक्य त्याला आठवलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

तो आपल्या टेबलाशी जाऊन बसला. परवा रविवार. उपासनेसाठी जो पाठ नेमलेला होता तो त्यानं सोमवारीच वाचून ठेवला होता, आणि वाचताना, दुसरं काय, ठरलेलाच उपदेश आपोआप मनात जुळत गेला होता. प्रभूनं यहुद्यांच्या डोळ्यांदेखत एवढी चिन्हं केली तरी त्यांनी विश्वास ठेवला नाही. जुन्या संदेष्ट्यानं हे आधीच सांगून ठेवलं होतं, की त्यांचे डोळे आंधळे होतील आणि मनं कठीण होतील. म्हणजे त्यांच्या अविश्वासानंसुद्धा शास्त्र पूर्णच झालं. हा उपदेश त्याला बाबांकडून मिळाला होता, घरातली भांडी मिळावीत तसा. बाबाही पाळक होते. त्यांनी एक भलामोठा कापडी तक्ता केला होता. डाव्या बाजूला संदेष्ट्यांची वचनं, उजव्या बाजूला त्यांची पूर्ती, आणि मधून लाल दोरे. कुमारी, गाढवाचं शिंगरू, चांदीची नाणी, वाटून घेतलेली वस्त्रं. बाबा एकेका दोऱ्यावरून छडी फिरवायचे आणि छडी उजवीकडं पोचली की पहिल्या बाकावर बसलेल्या त्याच्या अंगावर काटा यायचा. सगळं कसं बसत होतं! एखादं अवघड कुलूप उघडावं तसा आवाज व्हायचा मनात. एकदा त्यानं घरी जेवताना विचारलं होतं, “बाबा, मग त्यांना का दिसलं नाही? पुस्तक तर त्यांचंच होतं.” बाबा हसले होते. “त्यांना दिसणार नाही हेही लिहिलेलं होतं बाळा. त्याचाही दोरा आहे.” आणि खरंच होता, तक्त्याच्या अगदी खाली. पण त्या रात्री अंथरुणात पडल्यावर त्याला काहीतरी टोचत राहिलं. दिसलं असतं तर वचन खोटं ठरलं असतं; नाही दिसलं तर ते गुन्हेगार. इकडे आड तिकडे विहीर. असं कसं? मग त्याला झोप लागली, आणि मोठा होत गेला तशी ती टोचणी बोथट झाली. पाळक झाल्यावर त्यानं तो तक्ता वापरला नाही, पण छडी मनात फिरतच राहिली.

आता त्याच्यासमोर पाठ उघडा होता आणि नाकावर जो चष्मा होता तो खालच्या म्हाताऱ्यानं करून दिलेला होता. हे काही त्याला आजच सुचलं असं नाही. या इमारतीतल्या जवळपास सगळ्यांच्या नाकावर त्यांचेच चष्मे होते, म्हणून तर ते चष्मेकाका. दुकान बंद केल्यावरही कुणाची दांडी मोडली, काच सैल झाली, की लोक त्यांचंच दार वाजवत. पाळकाची चाळिशी त्यांनीच ओळखली होती. “पाळकसाहेब, शास्त्र फार लांब धरून वाचताय हल्ली,” ते म्हणाले होते, “वाद नाही, वय झालंय.” आणि घरी बसवून, काचा बदलत बदलत, त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं होतं. वाचायला त्यानं मुद्दाम काय निवडलं होतं, तर संदेष्ट्यानं केलेलं दुःख सोसणाऱ्या सेवकाचं वर्णन, ज्यात त्याला प्रभूच दिसायचा. तेव्हा त्याला इथं येऊन फार दिवस झाले नव्हते, उमेद होती, आणि या म्हाताऱ्याच्या आत्म्याला तारण मिळवून देणं हे आपलं काम आहे असं त्याला वाटत होतं. चष्मेकाकांनी शांतपणे ऐकून घेतलं. “स्पष्ट दिसतंय?” त्यांनी विचारलं. “अगदी स्पष्ट,” पाळक अर्थपूर्ण आवाजात म्हणाला. “छान. मग हीच काच ठेवू,” ते म्हणाले आणि डबी मिटली.

नंतर कितीतरी संध्याकाळी झाल्या. म्हाताऱ्याशी वाद घालणं म्हणजे पाण्यावर काठी मारणं होतं. पाणी हसायचं आणि पुन्हा होतं तसं व्हायचं. एकदा पाळकानं बाबांचा सगळा तक्ता तोंडी म्हणून दाखवला, एकही दोरा न सोडता. चष्मेकाका चहाचा कप धरून बसले होते. संपल्यावर त्यांनी टेबलावरचा पेपर उचलला आणि त्याच्याकडं सरकवला. “हा रोज सकाळी माझ्या दारात पडतो,” ते म्हणाले. “पहिलं पान वाचा. मशीहा येईल तेव्हा लांडगा आणि कोकरू एका ठिकाणी नांदतील असं आमच्याही संदेष्ट्यानं म्हटलंय ना? मी रोज शोधतो. चौथ्या पानावरसुद्धा नसतं हो.” पाळक म्हणाला होता की ते राज्य अंतःकरणात आलेलं आहे. “असेल की,” चष्मेकाका म्हणाले. “तुमच्या अंतःकरणात आलंय, हे मला दिसतं. उगाच कशाला नाही म्हणू? पण बाहेरही यायला हवं.” त्या ‘नाही’मध्ये कुचेष्टा नव्हती, गुर्मी नव्हती. पाळकाला चर्चच्या मंडळीत ‘हो’ म्हणणारी पुष्कळ माणसं माहीत होती. ‘हो’ म्हणून घरी जाणारी, ‘हो’ म्हणून भाऊबंदांवर दावे लावणारी, ‘हो’ म्हणून झोपणारी. या एका म्हाताऱ्याचं ‘नाही’ त्या सगळ्यांच्या ‘हो’पेक्षा देवाच्या जास्त जवळ उभं राहून म्हटलेलं असायचं. रोज सकाळी, दुपारी, संध्याकाळी ते खिडकीशी उभे राहून तेच मागत. बापानं मागितलं, त्याच्या बापानं मागितलं, मिळालं नाही. आणि मिळालं नाही म्हणून त्यांच्यापैकी कुणी मागणं आखडतं घेतलं नाही, की देवाला बोल लावून दार आपटलं नाही. पाळकाला त्यांचा हेवा वाटायचा. त्याच्या प्रार्थना हल्ली उरकल्यासारख्या व्हायच्या. मिळायचं ते सगळं मिळून चुकलेला माणूस जशी चौकशी करतो, तशा.

तो उठला. पाठ तसाच उघडा ठेवून खाली रस्त्यावर आला आणि कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन त्यानं छिन्नी मागितली. “काय फोडायचंय?” दुकानदारानं विचारलं. “नवा गिलावा.” “नवाच? मग लावला कशाला?” “चुकून,” तो म्हणाला. दुकानदारानं त्याच्या पांढऱ्या कॉलरकडं पाहिलं आणि छिन्नी कागदात गुंडाळून दिली. रस्त्यावर दुपारची वर्दळ होती. शाळा सुटली होती, एक बाई दोन मुलांना दोन हातांनी ओढत नेत होती, गाड्यांचे हॉर्न वाजत होते. पाळक छिन्नी खिशात घालून नुसता चालत राहिला. त्याच्या मनात ते मंदिर होतं. उपदेशात त्यानं ते किती वेळा पाडलं असेल! दगडावर दगड राहणार नाही, असं प्रभू म्हणाला होता आणि तसंच झालं, एकही शब्द वाया गेला नाही. हे सांगताना त्याचा आवाज चढायचा. पुरावा होता तो. जळणारं छप्पर, उपाशी माणसं, साखळदंडात नेलेल्या पोरी, सगळं पुराव्यादाखल. आणि चालता चालता, एका दुकानाच्या पायरीपाशी, त्याला असं काही आठवलं की तो थांबलाच. मागून येणारा माणूस त्याच्यावर आदळून, काहीतरी पुटपुटत पुढं गेला. प्रभूनं ते भविष्य सांगितलं ते नगर बघून रडत. रडत! ते तर त्याच कथेत लिहिलेलं होतं. पाळकानं ते शेकडो वेळा वाचलं होतं, आणि प्रत्येक वेळी रडण्याचं वाक्य ओलांडून तो भविष्याच्या वाक्याकडं गेला होता, कारण दोरा तिथं बांधलेला होता. भविष्य आपण जपलं, आणि रडणं? ते कुणी जपलं? ते त्या म्हाताऱ्याच्या बापानं आपल्या नव्या घराच्या भिंतीवर जपलं, लिंपणाऱ्याचा हात धरून, दारासमोर, रोज डोळ्यांत भरेल असं. ज्याला ते मानत नाहीत त्याचंच रडणं. आणि ज्यानं त्याला प्रभू मानलं, त्यानं सायीचा रंग देऊन टाकला.

त्याच्या विश्वासाला यानं तडा गेला असं नाही. मशीहा आलेला आहे, हे पाळकाला ठाऊक होतं, पाणी ओलं असतं हे ठाऊक असतं तसं. ते त्यानं आपल्या आयुष्यात चाखलेलं होतं, ते कुणाच्या सांगण्यानं जाणार नव्हतं. पण तो आला म्हणून सगळं झालं, भिंत पुरी झाली, आता कशाची वाट बघायची नाही, असं कोण म्हणालं होतं? प्रभू तर राज्य येवो म्हणून रोज मागायला शिकवून गेला. रोज मागायला लावलं म्हणजे आलेलं नाही की! निदान सगळं नाही. मग हातभर जागा आपल्याही घरात उघडी असायला हवी होती. त्याला बाबांची आठवण आली आणि त्यांचा राग नाही आला; माया वाटली. त्यांनी चुकीचे दोरे बांधले नव्हते. फक्त दोऱ्यांच्या मधलं कापड त्यांनी कधी बघितलं नाही, आणि ते कापड तर ज्यांच्याकडून आलं ती माणसं अजून खालच्या मजल्यावर राहत होती.

तो इमारतीपाशी परत आला तेव्हा गाडी उभी होती. चष्मेकाकांना खुर्चीत बसवून दोघा हमालांनी वर नेलं होतं. पाळक धापा टाकत जिना चढला. त्याची बायको आधीच खाली येऊन उभी होती, हातात उगाचच एक उशी धरून. म्हातारा वॉकर धरून दारातच थांबला होता. फार वाळला होता. गळपट्टी सैल झाली होती आणि तिच्यातून मान एकटी वर आली होती. ते समोरच्या भिंतीकडं बघत होते.

“मी केलं, काका,” पाळक म्हणाला. “मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं हेही काही कारण नाही. इतक्या वर्षांत मी विचारलंसुद्धा नाही.”

चष्मेकाकांनी मान वळवली. त्यांचे डोळे ओले होते, पण तोंडाच्या कोपऱ्यात नेहमीचं ते हसू सुरू झालं होतं. “मला वाटलं, मी हॉस्पिटलात असताना मशीहा येऊन गेला,” ते म्हणाले. “आणि मला कुणी उठवलंही नाही.”

पाळकाची बायको हसली आणि लगेच तिनं पदर तोंडाला लावला. मुलगी म्हणाली, “बाबा, आपल्यात सोय आहे ना एक? आधीच लिंपलेलं घर मिळालं तर खरवडायचं बंधन नाही म्हणून?” “आहे की,” चष्मेकाका म्हणाले. “पाळकसाहेबांकडून घर विकत घेतलं असं धरू. स्वस्तात देतील.” ते पुन्हा भिंतीकडं बघू लागले. मग म्हणाले, “पण बापाची जागा आहे ती. मी लहान असताना त्यांनी मला वर उचलून तिथं हात लावायला दिला होता. म्हणाले, हे गार लागतं ते लक्षात ठेव.”

पाळकानं खिशातून छिन्नी काढली. “मला करू द्या, काका. सूर्य अजून आहे.”

“परवाचा पाठ काय आहे तुमचा?” म्हाताऱ्यानं एकदम विचारलं. हे ते दर शुक्रवारी विचारत.

पाळकाला खोटं बोलता आलं असतं. “तुमच्याबद्दलच आहे,” तो म्हणाला. “एवढी चिन्हं बघूनही विश्वास ठेवला नाही, तो.”

“मग? काय सांगणार?”

“सोमवारी ठाऊक होतं. आज नाही.”

चष्मेकाकांनी मान डोलावली, आणि हात पुढं करून छिन्नी त्याच्याकडून घेतली. “पाडायचं काम परक्यांनी केलं होतं,” ते म्हणाले. “आठवण ठेवायचं काम आपलं आपण करावं. फक्त मला धरा. या पायाचा भरवसा नाही.” “बाबा, डॉक्टर काय म्हणालेत!” मुलगी ओरडली. “चढू नका म्हणालेत,” म्हातारा म्हणाला. “खरवडू नका असं कुठं म्हणालेत?”

तेव्हा पाळकानं मागून त्यांच्या दोन्ही काखांत हात घातले आणि त्यांना भिंतीपाशी नेलं. म्हाताऱ्याला वजनच नव्हतं. शर्टातून बरगड्या लागत होत्या आणि बरगड्यांच्या आत काळीज जोरानं चाललं होतं. छिन्नी पहिल्यांदा घसरली, सायीच्या रंगावर एक लांब ओरखडा उठला. दुसऱ्यांदा ती रुतली. पुट्टी जाड भरलेली होती आणि आत अजून ओलसर होती. तिचे पोपडे निघू लागले. ते पाळकाच्या बाह्यांवर, बुटांवर, केसांत पडत होते. म्हातारा थांबायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा हात उचलायचा, आणि प्रत्येक वेळी त्याचा सगळा भार मागं पाळकाच्या छातीवर यायचा. पाळकाला प्रेषिताच्या मोठ्या पत्रातली ती ताकीद आठवली, जी तो मंडळीला नेहमी घाईघाईत वाचून दाखवायचा: फांदीनं तोरा मिरवू नये, ती मुळाला उचलून धरत नाही, मूळ तिला धरतं. आज तर हातांनी धरलेलं होतं त्यानंच; आणि तरी त्याला कळत होतं की या थरथरणाऱ्या पाठीला टेकूनच तो इतकी वर्षं उभा आहे, त्याचा देव, त्याचं शास्त्र, त्याचा प्रभूसुद्धा याच घरातून त्याच्याकडं आला. परवा काय सांगायचं ते त्याला आता ठाऊक होतं. पाठातला एकही शब्द तो गाळणार नव्हता. नंतर तो फक्त रडण्याचं वाक्य वाचणार होता, आणि लोकांना सांगणार होता की आपण जे टाकून दिलं ते कुणीतरी आपल्यासाठी सांभाळून ठेवलंय. मंडळीतले काही जण भुवया चढवतील. चढवू देत. त्याला आनंद झाला होता.

एक वीट उघडी झाली, मग तिच्याशेजारची अर्धी. खिडकीतलं ऊन तांबूस होऊन भिंतीवरून वर सरकलं होतं. “बाबा, वेळ झाली,” मुलगी विसाव्याच्या दिवसासाठी लावायच्या दिव्यांपाशी उभी राहून म्हणाली. चष्मेकाकांनी छिन्नी खाली टाकली आणि तळहात त्या विटेवर ठेवला. थोडा वेळ तो तिथंच ठेवला.

“सोडा आता, पाळकसाहेब,” ते म्हणाले. “मी पडत नाही.”

“ठाऊक आहे मला, काका,” पाळक म्हणाला, आणि त्यानं हात काढले नाहीत.